कार्डावरचा पत्ता शेवटचा कधी उघडून बघितलात?

प्रश्न : आमचं मुरूडला (तालुका दापोली) चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. यजमान वाडी बघतात, मी स्वयंपाकघर आणि पाहुणे. २०१९ मध्ये भाच्याने मोबाइलवरच गूगलची फुकट वेबसाइट करून दिली. वर 'निसर्गरम्य कोकणात आपले सहर्ष स्वागत' असं लिहून दिलं होतं. तिचा पत्ता कार्डावर छापलाय, शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असं येतं. सुरुवातीला 'गूगलवर बघितलं' म्हणून पुष्कळ फोन यायचे. गेली दीड-दोन वर्षं ते आटले. आता एक मुलगा सारखा फोन करतो. म्हणतो, लोक आता गूगल करत नाहीत, एआयला विचारतात. वर्षाला ४५ हजार द्या, तुमची वेबसाइट एआयमध्ये आणि गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. लेखी गॅरंटी, शिवाय १०० ब्लॉग आणि ५० रिव्ह्यू. मुलगी म्हणते भरूया. यजमान म्हणतात, वेबसाइट राहू दे, इन्स्टाग्रामवर रील टाकू. त्यात यंदा दोनदा जंजिऱ्याच्या मुरूडला जाणारे पाहुणे चुकून आमच्याकडे खोली ठरवून बसले. एका कुटुंबाचे पैसे परत करावे लागले. काय करावं?
— एक यजमानीण, मुरूड

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या कार्डावरच्या पत्त्यापाशीच मी अडकले. हातातलं काम बाजूला ठेवा, कार्ड समोर धरा आणि तो पत्ता मोबाइलवर टाइप करा. काही उघडणार नाही. व्यवसायाच्या प्रोफाइलमधून (गूगलवर आणि नकाशावर घराचं नाव, फोन, फोटो दिसतात ती नोंद) फुकट करता येणाऱ्या त्या वेबसाइटी गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर आलेल्या माणसाला निदान तुमच्या गूगल प्रोफाइलकडे तरी पाठवत होते. मग तेही थांबलं. तुमचे फोन आटायला लागले तो काळ याच्याशी जुळतो का, ते वहीतल्या जुन्या बुकिंगवरून बघा. सूचनेचा मेल आला असणार, पण तो भाच्याच्या मेलवर. आणि २०१९ मध्ये मावशीला पाच मिनिटांत करून दिलेली वेबसाइट भाच्याच्या लक्षात असेल, ही अपेक्षा जरा जास्तच.

त्याच सुमाराला आणखी एक दार बंद झालं. प्रोफाइलवरून थेट चॅट करायची जी सोय होती ती ३१ जुलै २०२४ ला गेली. तुम्ही ती वापरत असाल तर तिथून येणारे पाहुणेही तेव्हाच तुटले.

आता तुमच्या त्या मुलाबद्दल. 'तुमची वेबसाइट पहिल्या नंबरला आणतो' म्हणणाऱ्याने ती एकदाही उघडलेली नाही. उघडली असती तर पहिल्याच फोनवर सांगितलं असतं. पुढच्या वेळी फोन आला की एवढंच म्हणा, 'बाळा, आधी माझ्या वेबसाइटचा फोटो काढून मला पाठव, मग बोलू.' बहुतेक फोन तिथेच संपेल.

समजा संपला नाही, तर गॅरंटीविषयी सांगते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. पैसे देऊन वर येते ती जाहिरात, आणि तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. खालच्या निकालांत जागा विकत मिळत नाही. मग हे लोक गॅरंटी कशी पाळतात? तुमच्या घराचं नाव टाइप करून दाखवतात. त्या नावाचं दुसरं घर जगात नाही, तुम्ही पहिल्या येणारच. किंवा तुमच्याच मोबाइलवर, तुमच्याच पडवीत बसून शोधून दाखवतात. शोधणारा कुठे बसलाय त्यावर निकाल बदलतात. मुरूडमध्ये बसून मुरूडचं निवास शोधलं तर शेजारचंच दिसणार, त्यात नवल काय?

एआयबद्दल मात्र तो सगळंच खोटं बोलत नाही. गूगलने शोधाच्या डोक्यावर स्वतःचं तयार उत्तर द्यायला मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरुवात केली, ऑगस्टमध्ये ते भारतात आलं. प्रश्नोत्तरासारखा चालणारा 'एआय मोड' जुलै २०२५ मध्ये आपल्याकडे सगळ्यांना खुला झाला. चॅटजीपीटीची वेबवर शोधून उत्तर देणारी 'सर्च' ही सोय आली ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, आधी पैसे भरणाऱ्यांसाठी. त्यामुळे 'हर्णैचा मासळीचा लिलाव कधी असतो' असं विचारणाऱ्याला 'संध्याकाळी' हे उत्तर वरच मिळतं, खालचं पान उघडायची गरज उरत नाही. निव्वळ माहिती लिहून जाहिरातींवर पोट भरणाऱ्या वेबसाइटींना याचा मोठा फटका आहे. तुमची गोष्ट वेगळी. लिलावाची वेळ एआय सांगेल, पण सुरमई घेतल्यावर ती तळायला आणि रात्री पाठ टेकायला घर लागतंच. खोली शोधणारा माणूस शेवटी नकाशा, फोटो, रिव्ह्यू आणि फोन नंबर याच वाटेने येतो.

आणि ही तयार उत्तरं काही आभाळातून पडत नाहीत. लोकांनी लिहिलेली पानं, नकाशावरच्या नोंदी, बुकिंगच्या साइटी यांच्यावरूनच ती जुळवली जातात. तुमचं स्वतःचं पान नसेल तर तुमच्याविषयी इतरांनी जे लिहिलंय तेच उचललं जाणार, मग त्यात फोन नंबर जुना असो की 'मुरूड, रायगड' असो. मुलीला सांगून गूगलचा जेमिनाय आणि चॅटजीपीटी दोघांनाही विचारा : 'दापोलीजवळच्या मुरूडला घरगुती जेवणाची सोय असलेलं निवास सांगा.' मी माझ्या ओळखीच्या एका ठिकाणासाठी हे करून बघितलं. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा यादी वेगळी. एकीत ते ठिकाण सर्वात वर, दुसरीत नावच नाही. आता यात 'पहिला नंबर' कशाला म्हणायचं आणि त्याची लेखी गॅरंटी कशावर लिहायची, सांगा.

'एआयसाठी खास फाइल लागते, खास कोड लागतो' असंही तो म्हणेल. गूगलच्या एआय उत्तरांत येण्यासाठी वेगळी फाइल किंवा वेगळी खूण लागत नाही, असं गूगलने सांगितलंय. पान साध्या शोधात येण्याजोगं असलं की पुरे. या धंद्यात जुना माल नवीन पिशवीत विकायची पद्धतच आहे. कीवर्डचा एक टॅग असायचा, म्हणजे लोक जे शब्द शोधतील ते पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायची जागा; क्रमवारीसाठी आम्ही तो वापरतच नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तो अजूनही काही पॅकेजांत पहिल्या ओळीला असतो.

१०० ब्लॉग तर फुकट दिले तरी घेऊ नका. ते कसे असतील ते मी न वाचता सांगते : 'समुद्राची गाज, नारळी-पोफळीच्या बागा आणि मालवणी जेवणाचा आस्वाद.' दापोलीत मालवणी, बघा! केवळ क्रमवारीसाठी घाऊक पाडलेली असली पानं गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत घातली, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. रिव्ह्यूंचंही तेच. विकत घेतलेले रिव्ह्यू नियमात बसत नाहीत. 'पाच तारे द्या, सोलकढी आमच्याकडून' हेसुद्धा बसत नाही, तुम्ही कितीही प्रेमाने पाजलीत तरी.

तेव्हा ४५ हजार भरू नका. त्याआधीचं एक काम आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

तुमच्याकडे वाडी आहे, म्हणून तुम्हाला पटेल अशा भाषेत सांगते. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे हे न बघता कोणी विहीर खणत नाही. इंटरनेटवर मात्र शहाणी माणसंही दुसऱ्याच्या जमिनीत कलमं लावून बसतात. मीही बसले होते. माझं चिपळूणला छपाईचं दुकान आहे. वेबसाइटचं नाव (म्हणजे तिचा पत्ता, डोमेन) ज्याने घेऊन दिलं त्याने ते स्वतःच्याच मेलवर घेतलेलं. पुढे तो नोकरीला परदेशी गेला. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर, लग्नपत्रिकांचे नमुने आणि पासवर्डची वही यांचा एकच लगदा झाला. महिनाभर आम्ही चिखल उपसत होतो, आणि त्याच काळात वेबसाइटच्या नावाची मुदत संपली. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्याबरोबर जात नाही. आधी काही दिवस नेहमीच्या पैशात परत मिळतं, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. म्हणजे मला पुरेसा वेळ होता. फक्त सगळ्या सूचना अशा मेलवर जात होत्या जो कोणी उघडत नव्हतं. काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक संकोचून म्हणालं, 'मॅडम, तुमच्या साइटवर रमी खेळायला बोलावतायत.' अशी वापरलेली नावं त्यांच्या जुन्या ओळखीसाठी विकत घेतात आणि त्यावर भलतंच दुकान मांडतात. त्याच मार्च २०२४ च्या नियमांत हेही आलं, पण माझं नाव काही परत आलं नाही. पाच वर्षं छापलेली कार्डं मी रद्दीत घातली.

म्हणून तुम्ही आज तीन गोष्टी कोणाच्या नावावर आहेत ते बघा : गूगलवरचं तुमच्या घराचं प्रोफाइल, तिथे दिलेला फोन नंबर, आणि ज्या मेलने हे सगळं उघडतं तो मेल. प्रोफाइल अजून जिवंत असणार. वेबसाइटी बंद झाल्या, प्रोफाइलं नाहीत. पण त्याचा मालक भाचा आहे. मुलीच्या मदतीने तुमच्या स्वतःच्या नावाचा मेल काढा आणि भाच्याला फोन करा. रागावू नका, त्याच्याच वेबसाइटवर चार वर्षं तुमचे पाहुणे आले. फोन झाल्यावर व्हॉट्सॲपवर असं लिहून पाठवा, म्हणजे त्याला काय करायचं ते नेमकं कळेल :

'बाळा, आपल्या मुरूडच्या घराच्या गूगल प्रोफाइलमध्ये खालच्या मेलला मॅनेजर नव्हे, मालक म्हणून जोड. मी स्वीकारलं की तुला कळवते. मग आठ दिवसांनी मला मुख्य मालक कर. तू मॅनेजर म्हणून राहा, अडलं तर विचारीन.'

आठ दिवस मी उगाच लिहिले नाहीत. नव्याने जोडलेल्या माणसाला सात दिवस मुख्य मालक होता येत नाही. भाच्याला जुना मेल उघडताच येत नसेल तर नकाशावर आपलं घर उघडून मालकीसाठी विनंती करता येते. मग गूगल पडताळणी मागेल, बहुधा व्हिडिओने. रस्ता, बोर्ड, मग कुलूप उघडून आत, असं न थांबता चित्रण करायचं. पाहुणे नसतील अशा दिवशी करा, आणि बोर्डावरचा वेल आधी छाटा, नाव दिसलं पाहिजे.

मालकी इतकी का लावून धरते, तर नकाशावरचा फोन नंबर किंवा वेळ बदलण्याची सूचना कोणीही करू शकतो. मालक जागा असेल तर तो ती परतवतो. तुमच्या घराचा मालक २०१९ पासून झोपलाय.

मग एक नाव विकत घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉम, वर्षाला साधारण हजार-बाराशे. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा बघा. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर गणपतीच्या शेजारी लिहून ठेवा. आपल्याकडच्या कार्डावरून दरवर्षी पैसे आपोआप कापले जातीलच, यावर विसंबू नका. पान कुठेही बनवा. गूगल साइट्सवर फुकट होतं आणि त्याला स्वतःचं नाव जोडता येतं. परत गूगलच, असं म्हणाल. खरंय. पण यावेळी नाव तुमचं असेल. उद्या त्यांनी हेही बंद केलं तर पान दुसरीकडे हलवायचं, कार्डं तीच राहतील.

आता पानावर काय लिहायचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तुमच्या दोन मुरूडांच्या भानगडीचं औषध इथेच आहे. 'निसर्गरम्य कोकणात सहर्ष स्वागत' यात पाहुण्याला काय कळलं? झाई ते तेरेखोल सगळंच निसर्गरम्य. त्याऐवजी अगदी वर, मोठ्या अक्षरांत :

'मुरूड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. हर्णै बंदराजवळ. जंजिरा किल्ल्याचं मुरूड ते हे नव्हे, ते रायगड जिल्ह्यात आहे. तिथून किनाऱ्याने इकडे यायला दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. रेल्वेने येणार असाल तर खेडला उतरा.'

बघा, यात एकही विशेषण नाही. पण चुकीच्या मुरूडचा पाहुणा इथेच थांबेल, तुमचे पैसे परत करायची वेळ येणार नाही, आणि यंत्रालाही दोन गावं वेगळी आहेत हे तुमच्या तोंडून कळेल. तोच मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ठेवा. पुण्या-मुंबईचे बरेच लोक गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. गूगल प्रोफाइलच्या वर्णनातही तालुका आणि जिल्हा घाला. बुकिंगच्या फोनवर पहिलं वाक्य तेच ठेवा.

पुढचा मजकूर तुम्हाला मी देऊ शकत नाही, तो मुलगाही नाही. फोनशेजारी वही ठेवा आणि पंधरा दिवस पाहुणे जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. मोठी गाडी गडग्याच्या आत येते का. आजीला गुडघ्याचा त्रास आहे, किती पायऱ्या आहेत. शाकाहारी भांडी वेगळी आहेत का. लाइट गेली तर पंखा चालतो का. कुठल्या कंपनीची रेंज येते. मोदक हवे असतील तर किती आधी सांगायचं. तुमच्याकडून वेळासला कासवं बघायला पहाटे निघून पोचता येतं का. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, मग पावसाळ्यात ताटात काय असतं. त्या प्रश्नांची खरी उत्तरं हेच तुमचं पान. 'इन्व्हर्टर आहे, पंखा चालतो, एसी चालत नाही' असं लिहिणारं घर मला तरी भरवशाचं वाटतं. आणि कोणी एआयला विचारलं की 'आजीला घेऊन जाता येईल असं, पायऱ्या नसलेलं घर दापोलीजवळ कुठे आहे', तर उत्तर द्यायला त्याच्याकडे तुमचं वाक्य असेल. १०० ब्लॉगांत ते वाक्य नसतं.

फोटो नवे काढा, संडास-बाथरूमचासुद्धा. लोक तोच आधी बघतात, बोलत नाहीत एवढंच. मोबाइलमधून निघालेला मोठा फोटो तसाच चढवू नका, लहान करून चढवा. घाटात रेंज येत-जात असताना तुमचं पान उघडणारा तुम्हाला आशीर्वादच देईल.

यजमानांचं रीलचं म्हणणं मोडीत काढू नका. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरच्या जाहीर पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ लागल्यात, म्हणजे त्या कष्टाला थोडं जास्त फळ. वाडीतला रहाट, पोफळीवर चढणं, आंबे उतरवणं हे तेच छान दाखवतील. फक्त रीलखाली 'मुरूड, दापोली' लिहायचं आणि खात्यावर तुमच्या नव्या नावाचा पत्ता द्यायचा. इन्स्टाग्रामही दुसऱ्याचीच जमीन, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

मुलीला त्या ४५ हजारांतलं काही द्यायचंच असेल तर पानाचं काम तिलाच द्या. सोबत गूगलचं सर्च कन्सोल जोडायला सांगा, फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले आणि किती जणांना दिसूनही त्यांनी उघडलं नाही, हे त्यात दिसतं. तीन महिन्यांनी ते आकडे बघा. 'मुरूड जंजिरा' असं शोधणारेच फार दिसले तर वरचा मजकूर अजून ठळक करायला हवा. तेव्हाही कोणाला पैसे देऊन काम करून घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. चांगली माणसं आहेत या धंद्यात, ती नंबर सांगत नाहीत, आधी तुमची वही मागतात.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. फोन आटायला वेबसाइट हे एकच कारण असेल असं नाही. २०१९ मध्ये तुमच्या रस्त्यावर निवासाचे किती बोर्ड होते आणि आज किती आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. यातले काही फोन परत येणार नाहीत. पण बंद दारावर येऊन किती जण परत गेले, हे तरी यापुढे कळत राहील.

उरलेली कार्डं फेकू नका. नव्या पत्त्याची बारीक चिकटपट्टी कुठलाही छापखाना दोन दिवसांत करून देतो, ती जुन्या पत्त्यावर बसते. आणि रस्त्यावरच्या बोर्डावर तोच 'बिझनेस डॉट साइट' रंगवलेला असेल, तर पेंटरला बोलवायच्या आधी तुम्हाला हवं ते नाव शिल्लक आहे का, ते बघून घ्या.